तुर्कूचे पंतोजी

नाताळच्या आदल्या रात्री आमच्या गावातल्या लहानशा चर्चमधली मुले कंदील घेऊन घरोघर गात हिंडत. मी तेव्हा चौथीत असेन. त्या मुलांत माझ्या वर्गातला एकजण असे, म्हणून मीही वेशीपर्यंत त्यांच्या मागोमाग जाई. त्यांच्या गाण्यांपैकी एकाची चाल माझ्या कानात कायमची बसली. साधी, ठाय लयीतली, चालता चालता म्हणता यावी अशी. गाणे इंग्रजी होते. त्यातला एक शब्दही मला कळत नव्हता. पुढे कळले की, ते वेन्सेस्लास नावाच्या एका धर्मशील राजाचे गाणे. बर्फ पडलेल्या रात्री सरपण गोळा करणारा एक गरीब माणूस राजाला दिसतो. राजा आपल्या हुजऱ्याला हाक मारतो, अन्न, मद्य आणि लाकडे बरोबर घेतो, आणि दोघे त्या गरिबाच्या झोपडीची वाट धरतात, अशी ती कथा. बर्फ मी जन्मात पाहिलेले नाही. पण ती चाल कानांवर आली की मला आपली थंडी वाजू लागे.

ती चाल बर्फाची नाहीच, ती वसंत ऋतूची आहे, हे मला समजले तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. गाण्यांच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात त्या चालीपाशी बारीक अक्षरांत मूळ ग्रंथाचे नाव आणि साल दिले होते. ग्रंथ 'पिए कांतिओनेस', साल १५८२. या दोन लॅटिन शब्दांचा अर्थ 'भाविक गीते'. मी कुतूहलाने शोध घेऊ लागलो. शोधता शोधता इंग्लंड मागे पडले, जर्मनी मागे पडला, आणि मी जाऊन पोहोचलो तो थेट फिनलंडमधल्या एका शाळेच्या दारात. तिथे एक पंतोजी बसले होते. हातात लेखणी, आणि पुढ्यात मुलांची गाणी. मी काही इतिहाससंशोधक नव्हे, साधा शाळामास्तर. पण त्या दारातून माझा पाय निघेना.

फिनलंड स्वतंत्र झाला तो ६ डिसेंबर १९१७ रोजी. त्याआधी शतकभर तो रशियाच्या झारच्या अमलाखाली होता, आणि १८०९ पूर्वी कित्येक शतके स्वीडनच्या राज्यात. सोळाव्या शतकात त्या मुलखातले सर्वांत महत्त्वाचे शहर म्हणजे आउरा नदीकाठचे तुर्कू. तिथले मोठे चर्च १३०० साली प्रतिष्ठापित झाले. त्या चर्चची शाळा होती. घरी फिन्निश किंवा स्वीडिश बोलणारी मुले तिथे लॅटिन शिकत, कारण पाद्री होण्याची आणि सरकारदरबारी शिरकाव होण्याची वाट लॅटिनमधूनच जात होती. व्याकरणाच्या बरोबरीने ती गाणेही शिकत. चर्चमधल्या उपासनेत गाणे हा विद्यार्थ्यांच्या कर्तव्याचाच भाग होता.

पण गाण्याचा आणखी एक उपयोग होता. तो पोटाचा होता. शाळेतली पुष्कळ मुले गरीब घरची. वर्षातल्या ठरावीक दिवसांत ही मुले गटागटाने खेडोपाडी निघत, दारासमोर उभी राहून लॅटिन गाणी म्हणत, आणि घरची माणसे त्यांच्या झोळीत धान्य, भाकरी, नाणी, जे असेल ते टाकीत. अशा विद्यार्थ्याला तिकडे 'तेइनी' म्हणतात. आपल्याकडची माधुकरी ज्यांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. नाताळच्या सुमारास दक्षिण फिनलंडमध्ये दिवस जेमतेम पाच-सहा तासांचा. उत्तरेकडे गेले तर तेवढाही नाही. त्या काळोखात, गुडघाभर बर्फात, दहा-बारा वर्षांची पोरे कुणाच्या तरी दाराशी उभी राहून गात आहेत, आणि आतला माणूस कडी काढतो की नाही हे त्यांच्या आवाजावर अवलंबून आहे. ही गाणी म्हणजे त्यांचे वर्षभराचे शिक्षण होते.

अशा वेळी धर्मक्रांती आली. १५२७ साली स्वीडनचा राजा गुस्ताव वासा याने रोमच्या पोपशी नाते तोडण्याची वाट धरली आणि चर्चची मालमत्ता राजाच्या हाती जाऊ लागली. हळूहळू सारे राज्य ल्यूथरच्या पंथाचे झाले. चर्चचे उत्पन्न घटले तसे शाळेचेही दिवस कठीण झाले. तरी याच शाळेने त्या काळात एक मोठा माणूस दिला. मिकाएल आग्रिकोला १५३९ पासून १५४८ पर्यंत तुर्कूच्या शाळेचा मुख्याध्यापक होता. त्याने १५४३ च्या सुमारास फिन्निश भाषेतले पहिले बालबोध पुस्तक छापवून घेतले आणि १५४८ साली बायबलचा नवा करार फिन्निशमध्ये आणला. तोपर्यंत ती भाषा छापील कागदावर नव्हतीच म्हटले तरी चालेल.

आग्रिकोलानंतर वीस वर्षांनी त्या खुर्चीवर जे बसले तेच आपले पंतोजी. नाव याकोब फिन्नो. आडनावाचा अर्थच 'फिनलंडचा'. जर्मनीत विटेनबर्गला आणि रोस्टॉकला शिकून आलेले, ल्यूथरच्या मताचे पक्के. १५६८ च्या सुमारास ते तुर्कूच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्यांच्यापुढे एक पेच उभा होता.

मुले जी गाणी गात होती ती जुन्या धर्मकाळातली होती. काही दोनशे-तीनशे वर्षांची. कितीतरी गाण्यांत पवित्र मरीयेची प्रार्थना होती, संतांचा धावा होता. नव्या पंथाला हे मान्य नव्हते; प्रार्थना करायची ती देवाची आणि ख्रिस्ताची, संतांची नव्हे. मग काय करायचे? गाणी जशीच्या तशी ठेवली तर शाळेतून जुना धर्म शिकवला असे होणार. गाणी टाकून दिली तर मुलांच्या तोंडी उरते काय, आणि झोळीत पडते काय? शिवाय गावोगावच्या लोकांच्या कानात त्या चाली पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या. अनोळखी गाण्याला कुणी दार उघडील अशी खात्री कोण देणार?

पंतोजींनी तिसरी वाट काढली. त्यांनी लेखणी उचलली आणि गाणी तपासायला घेतली. चाल तीच ठेवली, वृत्त तेच ठेवले, यमकेही जमतील तेवढी राखली. फक्त जिथे मरीयेचे किंवा संताचे नाव येई आणि खटके, तिथे शब्द बदलून ख्रिस्ताचे नाव आणले. कुठे एक शब्द, कुठे एक ओळ, कुठे अख्खे कडवे. अशी चौऱ्याहत्तर गाणी तयार झाली.

ही दुरुस्ती कशी दिसते याचे एक उत्तम उदाहरण या पुस्तकात आहे. 'पेर्सोनेंत होदिए' हे नाताळचे गाणे. बायबलातली कथा लहान मुलांच्या तोंडी कशी द्यावी याचा तो नमुनाच आहे. आज मुलांचे आवाज दुमदुमू देत, असे म्हणत ते सुरू होते. मग लूकच्या शुभवर्तमानातला बाळ येतो, बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजवलेला. मग मत्तयच्या दुसऱ्या अध्यायातले मागी येतात. ताऱ्याच्या मागोमाग बेथलेहेमला पोहोचतात आणि सोने, ऊद व गंधरस अर्पण करतात. शेवटी शाळेतल्या साऱ्या पोरांना देवदूतांसारखे गाण्याचे आमंत्रण आहे. या गाण्याचे हे शब्द प्रथम छापले गेले ते १५८२ च्या या पुस्तकात.

पण याची चाल जुनी आहे. बव्हेरियातल्या मोसबुर्ग येथल्या, १३६० च्या सुमाराच्या एका हस्तलिखितात ती सापडते, आणि तिथे हे गाणे आहे संत निकोलसचे. निकोलस हा शाळकरी मुलांचा कैवारी संत. त्याच्या कथांत तीन या आकड्याला मोठे मान. तीन गरीब मुलींच्या लग्नासाठी त्याने गुपचूप सोने दिले. तीन मारल्या गेलेल्या मुलांना पुन्हा जिवंत केले. गाण्यात एक गंमत आहे. प्रत्येक कडव्यात एका जागी शब्दाचा शेवट तीनदा म्हणायचा असतो, टाळी दिल्यासारखा. अभ्यासकांचा तर्क असा की, ही तीनदा होणारी पुनरुक्ती निकोलसच्या तीन मुलांची आणि तीन मुलींची आठवण असावी. नव्या गाण्यातून निकोलस गेला. त्याच्या जागी बाळ येशू आला. पण तो तीनदा होणारा ठेका तसाच राहिला, आणि आता तो मागी लोकांच्या तीन भेटींना शोभू लागला. मुलांचा संत गेला खरा, पण गाणे मुलांचेच राहिले.

मला या पंतोजींचे कौतुक वाटते ते इथे. चांगल्या तपासनिसाला काय खोडायचे हे कळतेच. पण खोडताना कशाला हात लावायचा नाही हेही त्याला कळावे लागते. ज्याने तो ठेका 'निरर्थक पुनरुक्ती' म्हणून कापला असता त्याने गाणेच मारले असते.

पुस्तकातली सारीच गाणी नाताळची नाहीत. ख्रिस्ताच्या दुःखभोगाची आहेत, माणसाच्या क्षणभंगुरतेची आहेत. एक गाणे फिनलंडमध्ये ख्रिस्ती धर्म कसा आला याचे. त्याच्या आरंभी नोहाच्या गोष्टीतले कबुतर जैतुनाची हिरवी फांदी दाखवीत येते. काही गाणी शाळेच्या जीवनाची आहेत. घरापासून दूर, परमुलखात शिकणाऱ्या मुलाची व्यथा त्यांत आहे. आणि दोन-चार गाणी वसंताची. सहा महिन्यांच्या बर्फानंतर जमीन मोकळी होते, पहिली फुले दिसतात, त्या आनंदाची. माझ्या लहानपणीची चाल याच वसंतगीतातली! त्याचे लॅटिन नाव 'तेंपुस आदेस्त फ्लोरिदुम', म्हणजे फुलांचा काळ आला. याच शब्दांनी सुरू होणारे एक गाणे तेराव्या शतकातल्या 'कार्मिना बुराना' या हस्तलिखित संग्रहातही आहे. तिथे मात्र वसंताबरोबर तरुण मुली आणि प्रेमाच्या गोष्टी येतात. शाळेच्या पुस्तकात येईपर्यंत तो भाग गळाला आणि फुले देवाच्या स्तुतीला लागली. शाळामास्तराच्या टेबलावरून दुसरे काय जाणार!

आता पुस्तक छापायचे, पण छापखाना कुठे? फिनलंडमध्ये तेव्हा छापखानाच नव्हता. तो तुर्कूला आला १६४२ साली, म्हणजे आणखी साठ वर्षांनी. इथे एक तरुण पुढे आला. थिओडोरिकस पेत्री, फिनलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील न्यूलांड प्रांतातला, सरदार घराण्यातला. तो रोस्टॉकला शिकत होता. वय विशी-बाविशीचे. त्याने ही गाणी जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्ड गावी नेऊन १५८२ साली स्वरलिपीसह छापवून घेतली. मुखपृष्ठावर लांबलचक लॅटिन मजकूर आहे. जुन्या बिशपांची ही गाणी स्वीडनच्या राज्यात सर्वत्र गायली जातात, असे तो सांगतो. थिओडोरिकसचे नाव तिथे आहे. आणि गाणी कुणी तपासली? तर देवाच्या चर्चची आणि तुर्कूच्या शाळेची उत्तम सेवा केलेल्या 'एका' आदरणीय गृहस्थाने, एवढाच उल्लेख. नाव नाही. ते गृहस्थ म्हणजे फिन्नो, हे पुढच्या अभ्यासकांनी ओळखले.

पुस्तक निघाले ते दिवसही अनुकूल होते. गादीवर राजा योहान तिसरा होता. त्याची राणी पोलंडची कॅथलिक राजकन्या; आणि राजालाही जुन्या उपासनेची ओढ होती. १५७० च्या दशकात त्याने नवी उपासनापद्धती काढली, तीत जुन्याचा बराच अंश होता. त्यामुळे जुनी गाणी शुद्ध करून छापली, यात कुणाला लगेच राजद्रोह दिसला नाही. पण वारे फिरले. योहानचा मुलगा सिगिस्मुंड हा कॅथलिक. तो पोलंडचा आणि स्वीडनचा असा दोन्हीकडचा राजा होता. १५९८ साली तो आपल्या चुलत्याशी लढाई हरला आणि स्वीडनची गादी गमावून बसला. थिओडोरिकस त्याच्याशी निष्ठा ठेवून होता. त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध पोलंडमध्ये गेला. परमुलखातल्या विद्यार्थ्याचे गाणे ज्याने तरुणपणी छापले, त्याच्याच वाट्याला परमुलूख आला. फिन्नो त्याआधीच, १५८८ साली, प्लेगने वारले होते.

इथवर वाचताना माझ्या मनात या पंतोजींची मूर्ती फार उजळ झाली होती. मग त्यांची दुसरी बाजू वाचली आणि मी थबकलो.

१५८३ साली फिन्नोंनी फिन्निश भाषेतले पहिले भजनाचे पुस्तक काढले. त्यात १०१ भजने होती. आपल्या लोकांना आपल्या भाषेत देवाची स्तुती करता यावी, हा हेतू. पण त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी फिन्निश लोकांच्या स्वतःच्या जुन्या गाण्यांवर कठोर कोरडे ओढले. लोक मेजवान्यांत आणि प्रवासात जी गाणी म्हणतात ती अमंगळ आहेत, त्यांच्यामागे सैतानाची प्रेरणा आहे, असे त्यांचे मत. त्या गाण्यांचे वृत्तसुद्धा त्यांनी घेतले नाही. फिन्निश लोकगीतांत यमक नसे. ओळीच्या आत एकाच अक्षराने आरंभ होणारे शब्द गुंफीत आणि एक विशिष्ट आठ अक्षरी लय राखीत. फिन्नोंनी ते बाजूला सारले आणि जर्मन धर्तीची यमके फिन्निशमध्ये आणली. लॅटिन गाण्यातला निकोलसचा ठेका ज्यांनी हळुवारपणे जपला, त्यांना आपल्या आजीच्या गाण्यातला ठेका ऐकूच आला नाही.

हे वाचून मी त्यांच्यावर रागावणार होतो. पण मला एक जुनी वही आठवली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. वाडीवरून येणाऱ्या एका मुलाने निबंधात लिहिले होते, 'झुंजूमुंजू झाले तेव्हा आम्ही निघालो.' मी लाल शाईने 'झुंजूमुंजू' खोडले आणि वर 'पहाट' लिहिले. पुढच्या निबंधात त्याने पहाट लिहिले. मी खूश झालो. त्यानंतर वर्षभर त्याच्या निबंधांत एकही चूक नव्हती, आणि त्याच्या घरचा एकही शब्द नव्हता. इतर चाळीस वह्यांतून त्याची वही वेगळी ओळखू येईनाशी झाली. ती माझ्या लाल शाईची कमाई. तेव्हा पंतोजींकडे बोट दाखवताना माझी बोटे माझ्याकडेही वळतात.

पुस्तकाचे पुढे काय झाले ते सांगतो. १६१६ साली मास्कू गावचे पाद्री हेमिंग यांनी ही लॅटिन गाणी फिन्निशमध्ये आणली. १६२५ साली मूळ पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती रोस्टॉकला निघाली. पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून ती गायली गेली. मग ४ सप्टेंबर १८२७ च्या रात्री तुर्कूला आग लागली. लाकडी घरांचे शहर; दोन दिवसांत बहुतेक शहर जळाले. चर्चचे मोठे नुकसान झाले; तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथालय जवळजवळ सारे राख झाले. किती जुने कागद गेले त्याला मोजदाद नाही. गाणी मात्र छापली गेली होती. त्यांच्या प्रती देशोदेशी होत्या, म्हणून ती एका गावच्या आगीत संपली नाहीत.

त्यांपैकी एक प्रत स्टॉकहोममधल्या ब्रिटिश वकिलाच्या हाती आली. त्याचे नाव गॉर्डन. त्याने ती १८५३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन मेसन नील या पाद्रीला भेट दिली. नील हा ईस्ट ग्रिन्स्टेड गावातल्या एका अनाथ वृद्धांच्या आश्रमाचा व्यवस्थापक. प्रकृती तोळामासा, पगार तुटपुंजा, बिशपची त्याच्यावर गैरमर्जी; पण जुने लॅटिन त्याच्या हाडीमाशी खिळलेले. जुनी स्वरलिपी वाचणारा थॉमस हेल्मोर हा मित्र त्याला लाभला. एकाने शब्द घेतले, दुसऱ्याने स्वर, आणि त्याच वर्षी दोघांनी नाताळच्या गाण्यांचा एक छोटा संग्रह काढला. वसंताची ती चाल नीलने घेतली, आणि तिला दिली बोहेमियाचा दहाव्या शतकातला अधिपती वेन्सेस्लास याची बर्फातली गोष्ट. फुले गेली, बर्फ आले. मौज अशी की, याच पुस्तकातल्या कितीतरी चालींची मुळे बोहेमियातल्या जुन्या हस्तलिखितांत आहेत, असे फिनलंडच्या तिमो मॅकिनेन या संशोधकाने १९६४ साली दाखवून दिले. प्रागला १३४८ साली विद्यापीठ निघाले होते आणि फिनलंडचे विद्यार्थी तिथवर जात असत.

त्या दोघांनी एक चूकही केली. 'इन दुल्ची युबिलो' या गाण्यात दोन स्वर जरा दीर्घ होते. हेल्मोरने त्यांचे माप चुकीचे वाचले. त्यामुळे चालीत एक जादा तुकडा आला आणि तो भरायला नीलला प्रत्येक कडव्यात दोन शब्दांची आरोळी घालावी लागली. आणि लोकांनी ती आरोळी इतक्या प्रेमाने उचलली की, चूक कळल्यावरही कित्येक पुस्तकांनी ती तशीच ठेवली!

१९२८ साली ऑक्सफर्डच्या गीतसंग्रहाचे संपादक मात्र वेन्सेस्लासच्या गाण्यावर चिडले. इतकी सुंदर वसंताची चाल अशा कथेला जुंपली म्हणून त्यांनी नाराजी व्यक्त केली, आणि हे गाणे हळूहळू मागे पडेल अशी आशा धरली. विद्वानांची आशा फळली नाही. मुले अजून ते गातात. 'पेर्सोनेंत होदिए' या बायबलातल्या कथेच्या गाण्याला १९१६ साली गुस्ताव होल्स्ट या मोठ्या इंग्रज संगीतकाराने नवा साज चढवला, आणि आज इंग्रजी भजनांच्या पुस्तकांत त्या चालीचे नावच 'थिओडोरिक' आहे. पोलंडमध्ये परका होऊन राहिलेल्या तरुणाचे नाव असे त्याच्या गाण्याला चिकटून राहिले. आणखी एक गोष्ट ऐकून तर मला हसू आले. याच पुस्तकातले 'गाउदेते' हे लॅटिन गाणे एका इंग्रज लोकसंगीत मंडळीने गायले, आणि १९७३ साली ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढले. चारशे वर्षांपूर्वीच्या शाळकरी पोरांना हे सांगायला हवे होते.

फिनलंडमध्येही या गाण्यांना नवे आयुष्य मिळाले. हेइक्की क्लेमेत्ती या संगीतज्ञाने १९०० साली एक मोठा गायकवृंद उभा केला आणि या जुन्या चाली वृंदगायनासाठी बांधून दिल्या. आजही तिकडच्या गायकवृंदांच्या नाताळात ही गाणी असतात.

मग पंतोजींनी सैतानाची म्हणून हिणवलेल्या त्या दुसऱ्या गाण्यांचे काय झाले? ती गाणी कुणी छापली नाहीत. ती पूर्वेकडच्या कारेलिया प्रांतात, शेकोट्यांभोवती, म्हाताऱ्यांच्या कंठात राहिली. १८०२ साली साम्मात्ती गावी एका गरीब शिंप्याच्या घरी एक मुलगा जन्मला. एलियास ल्योनरोत त्याचे नाव. तो शिकायला आला तुर्कूच्या त्याच शाळेत. पैसे संपले, शाळा सुटली. तेव्हा तोही तेइनी होऊन दारोदार गायला, धान्य आणि पैसे जमवले, आणि पुढे तुर्कूच्याच विद्यापीठात जाऊन पोहोचला. १८२७ साली त्याने जुन्या गाण्यांचा नायक वॅइनॅमोइनेन याच्यावर प्रबंध लिहिला. त्या प्रबंधाचा दुसरा भाग त्याच वर्षीच्या आगीत जळाला. हा गडी खचला नाही. खांद्याला पिशवी लावून तो कारेलियात शिरला, गावोगावच्या गायकांपुढे बसून ऐकले आणि लिहून घेतले. त्यातून १८३५ साली 'कालेवाला' निघाले, आणि १८४९ साली त्याची वाढवलेली आवृत्ती. आज ते फिनलंडचे राष्ट्रीय महाकाव्य आहे. त्याचे वृत्त तेच, जे पंतोजींनी बाजूला सारले होते.

एकाच शाळेतून ही दोन्ही कामे झाली. मास्तराने काही वाचवले, काही खोडले. जे खोडले ते अडीचशे वर्षांनी त्याच शाळेच्या एका विद्यार्थ्याने परत आणले. मास्तरांना असे विद्यार्थी मिळोत, एवढेच म्हणतो. पण अडीचशे वर्षे वाट पाहायला लावणारी खोडाखोड शक्य तो आपल्या हातून होऊ नये, हेही मनात येते. माझ्या त्या वाडीवरच्या मुलाने पुढे शाळा सोडली. तो कुठे आहे, मला माहीत नाही.

सहामाही परीक्षेच्या वह्या माझ्या टेबलावर पडल्या आहेत. बाहेर पोरे किल्ला करताहेत. मातीत हात बरबटलेले, कुणाचे कुणी ऐकत नाही. काल रात्री तपासताना एका मुलीच्या निबंधात मला एक शब्द अडला. शब्दकोशात तो नाही. लाल पेन टेकवले होते. मग उचलून घेतले आणि समासात नुसते एक प्रश्नचिन्ह काढले. सुट्टी संपल्यावर तिला विचारणार आहे, हा शब्द तू कुणाच्या तोंडून ऐकलास?